अब्राहम लिंकन यांचे पेटंट

अब्राहम लिंकन यांचे पेटंट (अमेरिकी पेटंट क्रमांक ६४६९) हे उथळ पाण्यात रुतलेली जहाजे वर उचलून पुढे नेण्याच्या एका यांत्रिक योजनेसाठी २२ मे १८४९ रोजी देण्यात आलेले पेटंट, म्हणजेच एकस्व, होय. पुढे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे सोळावे राष्ट्राध्यक्ष झालेले लिंकन हे त्या वेळी इलिनॉय राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे वकिली करीत होते. स्वतःच्या नावे पेटंट असलेले ते अमेरिकेचे एकमेव राष्ट्राध्यक्ष आहेत. जहाजाच्या दोन्ही कुशींना जलरोधक कापडाच्या घडीच्या पेट्या बसवायच्या आणि जहाज वाळूत अडकले की त्या पाण्यात खाली ढकलून हवेने भरायच्या, अशी ही योजना होती. तिच्यावरून प्रत्यक्ष जहाज कधीही बांधले गेले नाही. तरीही लिंकन यांचे नदीवरील अनुभव, त्यांचे अंतर्गत विकासविषयक राजकारण आणि पेटंट कायद्याविषयीची त्यांची मते समजून घेण्यासाठी हे पेटंट महत्त्वाचे मानले जाते.

थोडक्यात माहिती

पेटंट क्रमांक : ६४६९
संशोधक : अब्राहम लिंकन, स्प्रिंगफील्ड, इलिनॉय
अर्ज : १० मार्च १८४९
पेटंट मंजूर : २२ मे १८४९
विषय : उथळ जागांवरून जहाजे तरंगवत नेणे
मुदत : १४ वर्षे
प्रतिकृती : अमेरिकी इतिहासाचे राष्ट्रीय संग्रहालय, स्मिथसोनियन संस्था, वॉशिंग्टन

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या पश्चिम भागातील व्यापार प्रामुख्याने नद्यांवर अवलंबून होता. इलिनॉय, इंडियाना, केंटकी या राज्यांतील शेतकरी मका, डुकराचे मांस व इतर माल सपाट तळाच्या नावांत भरून प्रवाहाबरोबर ओहायो आणि मिसिसिपी या नद्यांतून न्यू ऑर्लिन्सपर्यंत नेत असत. १८११-१२ मध्ये 'न्यू ऑर्लिन्स' नावाची पहिली आगबोट मिसिसिपीतून गेल्यावर प्रवाहाविरुद्ध मालवाहतूकही शक्य झाली. मात्र या नद्यांची पातळी ऋतुमानाप्रमाणे फार बदलत असे. उन्हाळ्यात व शरद ऋतूत पाणी ओसरले की वाळूचे दांडे उघडे पडत, प्रवाहाबरोबर त्यांची जागाही बदले आणि कालपर्यंत मोकळी असलेली वाट आज बंद होई. पाण्याखाली दडलेली झाडांची खोडे हा आणखी एक धोका होता. जहाज रुतले की माल उतरवून ते हलके करावे लागे किंवा पाणी चढण्याची वाट पाहावी लागे. दोन्ही गोष्टींत वेळ व पैसा खर्ची पडत असे.

नदीवरील अनुभव

लिंकन यांनी १८२८ मध्ये ॲलन जेन्ट्री यांच्यासमवेत सपाट तळाच्या नावेतून न्यू ऑर्लिन्सची पहिली सफर केली. दुसरी सफर १८३१ मध्ये डेंटन ऑफट या व्यापाऱ्यासाठी झाली. लिंकन तेव्हा २२ वर्षांचे होते. त्यांचे नातेवाईक जॉन हँक्स आणि सावत्र भाऊ जॉन जॉन्स्टन हे त्यांच्याबरोबर होते. सँगमन नदीतून जात असताना न्यू सेलम या गावी पिठाच्या गिरणीच्या बंधाऱ्यावर नाव अडकली. तिची नाळ बंधाऱ्याच्या पलीकडे अधांतरी राहिली, मागील भागात पाणी शिरू लागले आणि माल भिजण्याची वेळ आली. लिंकन यांनी काही माल काठावर उतरवून नावेचा तोल पुढच्या बाजूस आणला, नाळेकडच्या तळाला भोक पाडून आतले पाणी बाहेर जाऊ दिले, मग भोक बुजवून नाव बंधाऱ्यावरून पलीकडे सरकवली. हा प्रसंग गावकऱ्यांनी काठावरून पाहिला होता. ऑफट यांच्यावर त्याचा इतका प्रभाव पडला की परतल्यावर त्यांनी न्यू सेलममधील आपल्या दुकानात लिंकन यांना नोकरीस ठेवले.

पुढील वर्षी, मार्च १८३२ मध्ये, 'टॅलिस्मन' नावाची लहान आगबोट सँगमन नदीतून स्प्रिंगफील्डच्या परिसरापर्यंत आणण्याचा प्रयोग झाला. नदी नौकानयनास योग्य आहे हे सिद्ध करणे हा त्याचा हेतू होता. काठावरील झाडांच्या फांद्या तोडून वाट मोकळी करणाऱ्यांत लिंकन होते. बोट पोहोचली, परंतु पाणी झपाट्याने ओसरू लागल्याने तिला लगेच परतावे लागले. परतीच्या प्रवासात रोवन हर्नडन यांच्यासह लिंकन यांनी ती बोट हाकारली. न्यू सेलमचा बंधारा ओलांडता यावा म्हणून त्याचा काही भाग तोडावा लागला. सँगमन नदीवर नियमित आगबोट वाहतूक सुरू होण्याची आशा या प्रयोगानंतर मावळली.

अंतर्गत विकासाचे राजकारण

नद्यांच्या सुधारणेचा प्रश्न लिंकन यांच्या राजकीय जीवनाच्या आरंभापासून त्यांच्यासमोर होता. मार्च १८३२ मध्ये राज्य विधिमंडळाची निवडणूक लढविताना सँगमन परगण्यातील मतदारांना उद्देशून त्यांनी एक निवेदन प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी रेल्वेचे महत्त्व मान्य केले. मात्र नियोजित रेल्वेमार्गाचा २,९०,००० डॉलर हा अंदाजित खर्च परगण्याला झेपणारा नाही, म्हणून सँगमन नदीची वळणे सरळ करून ती नौकानयनास योग्य करणे हाच अधिक व्यवहार्य मार्ग आहे, असे प्रतिपादन केले. त्या निवडणुकीत ते पराभूत झाले. १८३४ मध्ये निवडून आले. १८३७ मध्ये इलिनॉयने रस्ते, कालवे, रेल्वे व नद्या यांच्यासाठी हाती घेतलेल्या महत्त्वाकांक्षी योजनेचे ते समर्थक होते. त्याच वर्षी आलेल्या आर्थिक मंदीने ही योजना कोलमडली आणि राज्य मोठ्या कर्जात बुडाले.

संघराज्याच्या पातळीवरही हा प्रश्न वादग्रस्त होता. राष्ट्राध्यक्ष जेम्स पोक यांनी १८४६ मध्ये नद्या व बंदरे यांच्या सुधारणेचे विधेयक नकाराधिकार वापरून फेटाळले. त्याच्या निषेधार्थ जुलै १८४७ मध्ये शिकागो येथे मोठी परिषद भरली. लिंकन तिला उपस्थित होते. डिसेंबर १८४७ मध्ये ते प्रतिनिधिगृहाचे सदस्य म्हणून वॉशिंग्टनला गेले आणि २० जून १८४८ रोजी त्यांनी अंतर्गत सुधारणांच्या समर्थनार्थ सभागृहात भाषण केले. पेटंटासाठीचा अर्ज यानंतर नऊ महिन्यांच्या आत केलेला आहे. नदी खोल करण्यास सरकारी निधी मिळत नसेल, तर जहाजच वर उचलण्याची सोय जहाजावर असावी, असा या योजनेचा व्यावहारिक अर्थ होता.

कल्पनेचा उगम

लिंकन यांचे वकिलीतील भागीदार विल्यम हर्नडन यांनी १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चरित्रात या कल्पनेच्या उगमाची हकीकत दिली आहे. १८४८ च्या शरद ऋतूत लिंकन वॉशिंग्टनहून नायगारा धबधबा व पंचमहासरोवरांच्या मार्गाने घरी परतत होते. वाटेत एक जहाज उथळ पाण्यात रुतले. कप्तानाने खलाशांना सुट्या फळ्या, रिकामी पिंपे व खोकी गोळा करून जहाजाच्या कुशींखाली दाबावयास लावली. त्या पोकळ वस्तूंच्या तरंगण्याच्या जोरावर जहाज हळूहळू वर उचलले गेले आणि मोकळे झाले. लिंकन हे सर्व बारकाईने पाहत होते. डेट्रॉइट नदीतील फायटिंग आयलंड या बेटाजवळ अडकलेल्या 'कॅनडा' नावाच्या आगबोटीशी अभ्यासक या प्रसंगाचा संबंध जोडतात. लिंकन कुटुंबाचा प्रवास त्या वेळी 'ग्लोब' या दुसऱ्या आगबोटीतून चालला होता.

कप्तानाची युक्ती तात्पुरती होती. पिंपे गोळा करणे, ती पाण्याखाली दाबून ठेवणे व काम झाल्यावर काढून घेणे हे कष्टाचे होते. हीच सोय जहाजावर कायमची बसविता आली व गरज नसताना घडी करून ठेवता आली, तर वेळ वाचेल, हा लिंकन यांचा विचार पेटंटातील रचनेत स्पष्ट दिसतो.

प्रतिकृती आणि अर्ज

१८३६ च्या अमेरिकी पेटंट कायद्यानुसार अर्जासोबत लेखी वर्णन, आकृत्या आणि शक्य असेल तेथे यंत्राची लहान प्रतिकृती देणे आवश्यक होते. अमेरिकी नागरिकांसाठी शुल्क ३० डॉलर होते आणि कल्पना नवीन आहे की नाही याची तपासणी परीक्षक करीत असत. लिंकन यांनी स्प्रिंगफील्डमधील वॉल्टर डेव्हिस या कारागिराच्या कर्मशाळेत लाकडी प्रतिकृती तयार केली. डेव्हिस यांनी त्यांना साधने व साहाय्य दिले. हर्नडन यांच्या आठवणीनुसार लिंकन प्रतिकृतीचे भाग कार्यालयात आणून चाकूने तासत बसत आणि या शोधामुळे नद्यांवरील वाहतुकीत कशी क्रांती होईल हे समजावून सांगत. हर्नडन यांना स्वतःला मात्र या योजनेविषयी फारसा विश्वास नव्हता.

प्रतिनिधिगृहातील लिंकन यांची मुदत मार्च १८४९ च्या आरंभी संपली. ७ मार्च रोजी त्यांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात एका खटल्यात युक्तिवाद केला आणि तीन दिवसांनी, १० मार्च रोजी, पेटंटाचा अर्ज दाखल झाला. झिनास रॉबिन्स या वॉशिंग्टनमधील पेटंट वकिलाने त्यांच्या वतीने काम पाहिले. २२ मे १८४९ रोजी पेटंट मंजूर झाले. याच काळात लिंकन यांनी सार्वजनिक जमीन कार्यालयाच्या आयुक्तपदासाठी प्रयत्न केले होते. ते पद त्यांना मिळाले नाही आणि ते पूर्णवेळ वकिलीकडे वळले.

रचना आणि कार्य

पेटंटात वर्णिलेल्या यंत्रणेचे मुख्य घटक पुढीलप्रमाणे आहेत.

प्लावक पेट्या : जहाजाच्या दोन्ही बाजूंना लांबट पेट्या बसविलेल्या असतात. प्रत्येक पेटीचा माथा व तळ फळीचा किंवा धातूचा असून बाजू रबराच्या अथवा अन्य जलरोधक कापडाच्या असतात. त्यामुळे लोहाराच्या भात्याप्रमाणे पेटी उघडते व मिटते. मिटल्यावर ती फार थोडी जागा व्यापते.

सरकते दांडे : जहाजावर उभे दांडे असून ते पेट्यांमधून खाली जातात व पेट्यांच्या तळाशी पक्के जोडलेले असतात. दांडा खाली सरकला की पेटीचा तळ पाण्यात खाली जातो. वर ओढला की पेटी मिटते.

मुख्य आस : जहाजाच्या लांबीच्या दिशेने एक किंवा अधिक फिरते आस बसविलेले असतात. त्यांवर दोर गुंडाळलेले असतात.

दोर व कप्प्या : आसावरील दोर कप्प्यांवरून जाऊन सरकत्या दांड्यांना जोडलेले असतात. त्यामुळे एकच आस फिरविला असता सर्व दांडे एकाच वेळी हलतात.

आस एका दिशेने फिरविला की दांडे पेट्यांचे तळ पाण्यात दाबतात. त्याच हालचालीने पेट्या ताणल्या जाऊन त्यांत हवा भरली जाते. विस्थापित झालेल्या पाण्यामुळे जहाजाला वरच्या दिशेने अधिक रेटा मिळतो आणि त्याचा तळ वाळूपासून सुटतो. अडथळा पार केल्यावर आस उलट फिरविला की पेट्या मिटतात व इजा होणार नाही अशा रीतीने वर सुरक्षित राहतात. मालाची चढउतार करताना पेट्यांचा अडथळा होऊ नये, याचीही दखल वर्णनात घेतली आहे.

पाण्यात पोकळ वस्तू दाबून जहाज उचलणे ही कल्पना नवीन नव्हती आणि लिंकन यांनी तसा दावाही केला नाही. घडीच्या पेट्या, सरकते दांडे, मुख्य आस आणि दोर-कप्प्या यांचा विशिष्ट संयोग, ज्यायोगे एकाच क्रियेने पेट्या खालीही जातात व फुगतातही, एवढ्यापुरताच त्यांचा हक्कदावा होता. यांत्रिक शोधांच्या पेटंटांत हा भेद महत्त्वाचा असतो. पेटंट तत्त्वाला मिळत नाही. ते तत्त्व उपयोगात आणणाऱ्या ठरावीक रचनेला मिळते.

शास्त्रीय तत्त्व आणि मर्यादा

ही योजना आर्किमिडीजच्या तत्त्वावर आधारलेली आहे. पाण्यात बुडालेली वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका रेटा तिला वरच्या दिशेने मिळतो. गोड्या पाण्याचे वजन घनमीटरला सुमारे १ टन असते. यावरून यंत्रणेच्या आवाक्याचा अंदाज एका काल्पनिक उदाहरणाने घेता येतो.

४० मीटर लांब व ८ मीटर रुंद अशी आयताकृती सपाट तळाची आगबोट १.२ मीटर खोल बुडते असे समजू. ती ३० सेंटिमीटर वर उचलायची असेल तर ४० × ८ × ०.३ म्हणजे ९६ घनमीटर पाणी पेट्यांनी विस्थापित करावे लागेल; म्हणजेच सुमारे ९६ टनांचा रेटा लागेल. उचलल्यानंतर बोटीचा तळ पाण्याखाली ०.९ मीटरवर असेल. पेट्या त्याहून खोल गेल्या तर त्याच वाळूला टेकतील. दोन्ही बाजूंच्या मिळून ८० मीटर लांबीच्या पेट्या ०.९ मीटर खोल बुडविल्या, तरी ९६ घनमीटरसाठी प्रत्येक पेटीची रुंदी सुमारे १.३ मीटर असावी लागेल. म्हणजे ३० सेंटिमीटर उचलण्यासाठी बोटीची एकूण रुंदी तात्पुरती का होईना, जवळजवळ एकतृतीयांशाने वाढवावी लागते.

याशिवाय दुसरी अडचण बलाची आहे. पाण्याचा हा रेटा प्रथम पेट्यांच्या तळावर पडतो आणि दांडे व दोर यांच्यामार्फतच तो जहाजापर्यंत पोहोचतो. त्यामुळे जेवढे वजन उचलायचे, तेवढा संपूर्ण भार या दांड्यांनी व दोरांनी पेलला पाहिजे. कप्प्यांमुळे आस फिरविण्यास कमी जोर लागला, तरी एकूण करावे लागणारे कार्य कमी होत नाही. पेट्या, दांडे, आस व दोर यांचे स्वतःचे वजनही जहाज नेहमीच वागवणार. म्हणजे अडकल्यावर सोडविणारी यंत्रणा जहाजाला थोडे अधिक खोल बुडवून अडकण्याची शक्यता काहीशी वाढविते.

तत्सम योजना

जहाजाला बाजूने आधार देऊन उथळ जागेवरून नेण्याची पद्धत जुनी आहे. हॉलंडमध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीस 'उंट' या नावाने ओळखले जाणारे लाकडी तराफे वापरात आले. पोकळ तराफे पाण्याने भरून जहाजाच्या दोन्ही बाजूंना बांधायचे आणि मग त्यांतील पाणी उपसून काढायचे, म्हणजे ते जहाजासह वर येत. ॲम्स्टरडॅमजवळील पाम्पुस या उथळ भागातून मोठी जहाजे अशा रीतीने नेली जात. अमेरिकेत नॅन्टुकेट बंदराच्या मुखाशी असलेल्या वाळूच्या दांड्यावरून देवमासे पकडणारी जहाजे नेण्यासाठी १८४२ मध्ये पीटर ईवर यांनी असेच तराफे बांधले. हे तराफे जहाजापासून स्वतंत्र असत व एका ठरावीक ठिकाणी वापरले जात. लिंकन यांच्या योजनेत मात्र ही सोय प्रत्येक जहाजाबरोबर प्रवास करणार होती.

पश्चिमेकडील नद्यांवरील नाविकांनी अधिक साधे उपाय शोधले होते. आगबोटीच्या पुढील भागी असलेले दोन लांब खांब नदीच्या तळाशी टेकवून, दोरखंडांनी बोटीचे तोंड उचलून ती टप्प्याटप्प्याने पुढे ढकलली जाई. नाकतोड्याच्या चालीवरून या पद्धतीला नाव पडले होते. पाण्याखालील खोडे काढण्यासाठी हेन्री श्रीव्ह यांनी १८२९ मध्ये खास जहाज तयार केले आणि १८३८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. बोटींचे तळ अधिकाधिक सपाट व बांधणी हलकी करण्याकडेही बांधणाऱ्यांचा कल होता.

पेट्यांच्या साहाय्याने जहाज उचलण्याचे तत्त्व आजही बुडालेली जहाजे वर काढताना वापरले जाते. इटलीच्या किनाऱ्यावर २०१२ मध्ये आपटलेले 'कोस्टा काँकॉर्डिया' हे प्रवासी जहाज जुलै २०१४ मध्ये दोन्ही कुशींना जोडलेल्या ३० पोलादी पेट्यांतील पाणी हवेच्या साहाय्याने बाहेर काढून तरंगविण्यात आले. तत्त्व समान असले तरी या कामाचा लिंकन यांच्या पेटंटाशी थेट संबंध नाही.

व्यवहारात न येण्याची कारणे

लिंकन यांनी हे पेटंट विकण्याचा किंवा उत्पादनात आणण्याचा नेटाने प्रयत्न केल्याचे दिसत नाही. वर उल्लेखिलेल्या तांत्रिक मर्यादांबरोबर काळाची दिशाही प्रतिकूल होती. १८५१ मध्ये इलिनॉय सेंट्रल रेल्वेला सनद मिळाली व १८५६ मध्ये तिचा मूळ मार्ग पूर्ण झाला. लिंकन यांनी या कंपनीची अनेक प्रकरणे न्यायालयात चालविली.

१८५६ मध्ये रॉक आयलंड येथे मिसिसिपी नदीवरील पहिला रेल्वेपूल सुरू झाला. ६ मे १८५६ रोजी 'एफी ॲफ्टन' ही आगबोट त्या पुलावर आदळून जळाली आणि तिच्या मालकांनी पुलाविरुद्ध दावा लावला. सप्टेंबर १८५७ मध्ये शिकागो येथे चाललेल्या या खटल्यात लिंकन पुलाच्या बाजूने उभे राहिले. नदीचा प्रवाह, बोटीचा वेग व पुलाच्या खांबांची मांडणी यांविषयी त्यांनी तपशीलवार मांडणी केली. पूर्वपश्चिम प्रवास करणाऱ्यांचा नदी ओलांडण्याचा हक्क नदीतून वर-खाली जाणाऱ्यांच्या हक्काइतकाच आहे, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. पंचांचे एकमत न झाल्याने निकाल लागला नाही आणि पूल टिकून राहिला. नदीवरील वाहतुकीसाठी पेटंट घेतलेल्या व्यक्तीने आठ वर्षांनी रेल्वेची बाजू मांडावी, यातून त्या दशकात अमेरिकी वाहतुकीत झालेला बदल लक्षात येतो.

पेटंटाची १४ वर्षांची मूळ मुदत मे १८६३ मध्ये, लिंकन राष्ट्राध्यक्ष असताना आणि यादवी युद्ध चालू असताना, पूर्ण झाली.

लिंकन आणि पेटंट कायदा

एप्रिल १८५८ मध्ये ब्लूमिंग्टन येथे आणि फेब्रुवारी १८५९ मध्ये जॅक्सनव्हिल व अन्य ठिकाणी लिंकन यांनी शोध आणि संशोधन या विषयावर व्याख्याने दिली. मानवी प्रगतीला गती देणाऱ्या गोष्टींत लेखन व मुद्रण, अमेरिकेचा शोध आणि पेटंट कायदे यांना त्यांनी विशेष स्थान दिले. पेटंट कायद्यापूर्वी कोणाचाही शोध दुसरा कोणीही लगेच वापरू शकत असे, त्यामुळे शोधकाला स्वतःच्या श्रमाचा विशेष लाभ होत नसे; कायद्याने ठरावीक काळापुरता एकाधिकार देऊन बुद्धीला लाभाची जोड दिली, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. या व्याख्यानातील एक वाक्य वॉशिंग्टनमधील वाणिज्य खात्याच्या इमारतीवर कोरलेले आहे. तेथे पूर्वी पेटंट कार्यालय होते.

वकील म्हणूनही त्यांचा पेटंटांशी संबंध आला. कापणीयंत्राच्या पेटंटावरून चाललेल्या मॅककॉर्मिक विरुद्ध मॅनी या खटल्यासाठी १८५५ मध्ये ते तयारीनिशी सिनसिनाटीला गेले. परंतु सहकारी वकिलांनी त्यांना बाजूला ठेवले. त्यांत एडविन स्टँटन प्रमुख होते. १८६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी त्याच स्टँटन यांची युद्धमंत्री म्हणून नेमणूक केली.

पेटंटाचा हक्क आणि गुलामगिरी

लिंकन यांनी सोडवू पाहिलेल्याच प्रश्नावर, म्हणजे उथळ नद्यांतील आगबोटींच्या अडचणीवर, मिसिसिपी राज्यातील बेंजामिन माँटगोमेरी यांनीही १८५० च्या दशकात काम केले. १८१९ मध्ये व्हर्जिनियात गुलामगिरीत जन्मलेले माँटगोमेरी हे डेव्हिस बेंड येथील मळेमालक जोसेफ डेव्हिस यांच्या मालकीचे होते. जोसेफ हे पुढे दक्षिणेकडील बंडखोर राज्यसंघाचे अध्यक्ष झालेल्या जेफरसन डेव्हिस यांचे थोरले बंधू. लिहिणे-वाचणे व यंत्रकाम यांत पारंगत असलेल्या माँटगोमेरी यांनी उथळ पाण्यात चालू शकेल असा, पाती तिरकस बसविलेला पंखा आगबोटींसाठी तयार केला.

या पंख्यासाठी पेटंट मिळू शकले नाही. १८३६ च्या कायद्यानुसार अर्जदाराने आपणच मूळ संशोधक आहोत अशी शपथ घेऊन आपण कोणत्या देशाचे नागरिक आहोत हे सांगावे लागे. गुलाम व्यक्तीला नागरिक मानले जात नसल्याने तिला अशी शपथ घेता येत नव्हती. मालक स्वतः संशोधक नसल्याने त्यालाही पेटंट घेता येत नव्हते. मिसिसिपीतीलच नेड नावाच्या गुलामाने तयार केलेल्या कापसाच्या शेतीतील अवजारासाठी त्याच्या मालकाने अर्ज केला तेव्हा, जून १८५८ मध्ये, महान्यायवादी जेरेमाया ब्लॅक यांनी याच स्वरूपाचे मत दिले. स्वतंत्र कृष्णवर्णीयांना मात्र पूर्वीपासून पेटंटे मिळत होती. थॉमस जेनिंग्स यांना १८२१ मध्ये कपडे स्वच्छ करण्याच्या पद्धतीसाठी पेटंट मिळाले होते. १८६१ मध्ये बंडखोर राज्यांनी स्वतंत्र पेटंट कायदा केला. त्यात गुलामाच्या शोधाचे पेटंट मालकाच्या नावे देण्याची तरतूद होती.

१८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपुष्टात आली आणि १८६८ मध्ये चौदाव्या घटनादुरुस्तीने नागरिकत्वाचा हक्क स्पष्ट केला. माँटगोमेरी यांनी १८६६ मध्ये डेव्हिस यांचे मळे ३,००,००० डॉलरला दीर्घ मुदतीच्या कर्जावर विकत घेतले व पूर्वीच्या गुलामांची वसाहत तेथे चालविली. त्यांचे १८७७ मध्ये निधन झाले. शोधकाला त्याच्या बुद्धीचा लाभ मिळाला पाहिजे हे तत्त्व लिंकन व्याख्यानांतून मांडत होते, त्याच वर्षी कायद्याने ते लक्षावधी लोकांना लागू होत नाही असे ठरविले होते. म्हणून पेटंट कायद्याच्या इतिहासात या दोन शोधांचा उल्लेख अनेकदा एकत्र केला जातो.

प्रतिकृतीचे जतन

लिंकन यांनी अर्जासोबत दिलेली लाकडी प्रतिकृती पेटंट कार्यालयात ठेवली होती. २४ सप्टेंबर १८७७ रोजी या कार्यालयाच्या इमारतीला लागलेल्या आगीत सुमारे ८७,००० प्रतिकृती नष्ट झाल्या. लिंकन यांची प्रतिकृती मात्र वाचली. ती आता वॉशिंग्टन येथे स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकी इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मूळ वस्तू नाजूक झाल्याने प्रदर्शनासाठी तिची नक्कलही तयार करण्यात आली.

पेटंट कार्यालयाच्या त्या जुन्या इमारतीशी लिंकन यांचा आणखी एक संबंध आहे. यादवी युद्धात तिचा काही भाग जखमी सैनिकांसाठी रुग्णालय म्हणून वापरला गेला आणि ६ मार्च १८६५ रोजी लिंकन यांच्या दुसऱ्या शपथविधीनिमित्तचा समारंभ तेथेच झाला. या इमारतीत आता राष्ट्रीय व्यक्तिचित्र दालन व अमेरिकी कला संग्रहालय आहे.

प्रचलित गैरसमज

लिंकन यांनी राष्ट्राध्यक्ष असताना हे पेटंट घेतले, असा समज आढळतो. प्रत्यक्षात ते राष्ट्राध्यक्ष होण्याच्या सुमारे १२ वर्षे आधी त्यांना ते मिळाले. थॉमस जेफरसन हेही संशोधक राष्ट्राध्यक्ष म्हणून प्रसिद्ध आहेत. नांगराच्या फाळामागील मातीपलटी फळीत त्यांनी सुधारणा केली होती, मात्र त्यांनी तिचे पेटंट घेतले नाही. पेटंट मिळाले म्हणजे शोध उपयुक्त ठरला, हाही असाच एक गैरसमज आहे. पेटंट मिळण्यासाठी रचना नवीन असणे व ती कार्य करू शकेल असे वाटणे पुरेसे असते. तिचा खर्च परवडेल की नाही हे बाजारात ठरते.

हे सुद्धा पाहा

अब्राहम लिंकन
बेंजामिन माँटगोमेरी
आर्किमिडीजचे तत्त्व
आगबोट
पेटंट
मिसिसिपी नदी